जिनिव्हाला न पोहोचलेली खिडकी

[दृश्य: काळोखी दालन. मागून उजेड दिलेली रंगीत काचेची खिडकी. कॅमेरा सावकाश जवळ जातो.]

अमेरिकेत फ्लोरिडातल्या मायामी बीचला वुल्फसोनियन नावाचं संग्रहालय आहे. ही खिडकी तिथे आहे. उंची जेमतेम सहा फूट. आठ चौकटी, आणि त्यांत १५ आयरिश लेखकांच्या साहित्यातली माणसं. ती घडवली डब्लिनच्या हॅरी क्लार्कने. मागवली होती आयर्लंडच्या सरकारने, आणि लागणार होती जिनिव्हात, आंतरराष्ट्रीय श्रम कार्यालयाच्या इमारतीत. जिनिव्हाला ती कधीच गेली नाही.

आयरिश कला म्हटलं की केल्सची सचित्र बायबल-पोथी आठवते, दगडी क्रूस आठवतात. आठवणारच. पण विसाव्या शतकात या देशाने दृश्यकलेत जे सर्वांत अस्सल काम केलं, ते काचेत केलं, असं आमचं ठाम मत आहे.

[दृश्य: डब्लिन. जुन्या विटांची घरं, चर्चचे कळस.]

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये कॅथलिक चर्च झपाट्याने उभी राहत होती. त्यांच्या खिडक्या मात्र बऱ्याचदा म्युनिकहून किंवा बर्मिंगहॅमहून यायच्या. नमुने ठरलेले, चेहरेही ठरलेले. सेरा पर्सर या चित्रकर्तीला ते सलत होतं. पन्नाशी उलटल्यावर, १९०३ मध्ये, तिने डब्लिनमध्ये ‘आन तूर ग्लिने’, म्हणजे काचेचा मनोरा, ही कार्यशाळा काढली. तिथला नियम साधा होता. ज्याने खिडकीचं चित्र काढलं, त्यानेच काच निवडायची, त्यानेच ती रंगवायची, काम शेवटापर्यंत त्यानेच न्यायचं. एकाने आखायचं आणि दुसऱ्याने गिरवायचं, हा कारखान्याचा शिरस्ता तिथे बंद झाला. विल्हेल्मिना गेडिस, मायकेल हीली, एथेल ऱ्हाइंड ही मंडळी याच मनोऱ्यातली.

हॅरी क्लार्क या मनोऱ्यातला नव्हे. त्याचा जन्म १८८९ चा. वडील लीड्सहून डब्लिनला आलेले, चर्चच्या सजावटीची कामं घेणारे. त्यांच्याच कार्यशाळेत हा वाढला. दिवसा हाताखाली काम आणि संध्याकाळी कलाशाळा, असं त्याचं शिक्षण झालं. फ्रान्समध्ये शार्त्रच्या कॅथिड्रलची जुनी काच त्याने पाहिली, आणि निळ्या रंगाने त्याला आयुष्यभर सोडलं नाही.

[दृश्य: कॉर्क. होनन चॅपलचं आतलं दालन. संत गॉबनेटची खिडकी.]

कॉर्कच्या विद्यापीठाच्या आवारात होनन चॅपल आहे. तिथल्या १९ खिडक्यांपैकी ११ क्लार्कच्या, बाकीच्या आठ मनोऱ्याच्या. काम हाती आलं तेव्हा तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता. संत गॉबनेट मधमाश्यांची राखणदार. क्लार्कने तिला बाजूने दाखवलंय: चेहरा फिकट, पोशाख गडद निळा, आणि तिने सोडलेल्या माश्या चोरांच्या अंगावर धावून चालल्यात. त्या चोरांच्या तोंडावरची भीती बघा. खिडकीत एवढी बारीक नक्षी असते कुठे? खाली उभं राहून सगळं दिसणारही नाही. तरी त्याने ती केली.

आता हे होतं कसं, तेही जवळून पाहू.

[दृश्य: काचेच्या तुकड्यावर मेण लावणारे हात.]

ही काच दोन थरांची असते. खाली पांढरी किंवा फिकी, वर लाल किंवा निळ्याचा पातळ पापुद्रा. जिथे रंग ठेवायचा तिथे मेण लावायचं आणि काच हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये सोडायची. उघडा पापुद्रा ॲसिड खातं. थोडा वेळ ठेवली तर गर्द लाल गुलाबी होतो, जास्त ठेवली तर पांढरी काच उघडी पडते. पुन्हा मेण, पुन्हा ॲसिड. अशा पायऱ्यांनी एकाच तुकड्यात लालाच्या कितीतरी छटा उतरतात, मध्ये तुकडे जोडणारी शिशाची पट्टी न घालता. काही कामांत क्लार्क अशा दोन काचा एकीवर एक बसवायचा. लालामागे निळा आला की जो जांभळा झळकतो, तो कुंचल्याने काढता येत नाही. मग रेघा, पोत, चेहरे काचरंगाने काढायचे आणि तुकडा भट्टीत भाजायचा. ॲसिडच्या वाफा छातीला फार वाईट. आणि क्लार्कला क्षय होता.

१९२६ मध्ये सरकारचं, म्हणजे जिनिव्हाच्या खिडकीचं, काम आलं. आयर्लंड स्वतंत्र होऊन चार वर्षं झाली होती. नव्या देशाने जगाच्या दरबारात स्वतःचं काही ठेवावं, ही कल्पना फार चांगली होती. क्लार्कने संत नाही निवडले, राजे नाही निवडले, लेखक निवडले: येट्स, शॉ, नाटककार जॉन सिंग, जॉइस, ओ’केसी. १९१६ च्या उठावानंतर ज्याला गोळ्या घातल्या तो पॅट्रिक पिअर्स. आणि कादंबरीकार लियम ओ’फ्लाहर्टी. त्याच्या चौकटीत एक प्रौढ पुरुष बसलाय आणि समोर झिरझिरीत वस्त्रातली तरुणी नाचतेय.

१९२९ मध्ये देशात पुस्तकांवर सेन्सॉरचा कायदा आला. १९३० मध्ये खिडकी पूर्ण झाली. सरकारप्रमुख विल्यम कॉसग्रेव्ह यांनी ती पाहिली आणि क्लार्कला कळवलं की यातल्या काही लेखकांना देशाचे प्रतिनिधी म्हणून पुढे केलं, तर आपले पुष्कळ लोक दुखावतील. क्लार्क तेव्हा खंगला होता. उपचारांसाठी तो स्वित्झर्लंडला गेला, आणि घरी परतताना वाटेत, ६ जानेवारी १९३१ ला, कूर गावी त्याचं निधन झालं. वय ४१.

खिडकी त्याच्या पत्नीने, मार्गारेटने, सरकारकडून परत विकत घेतली. ती स्वतः उत्तम चित्रकर्ती होती, काय हातातून जातंय ते तिला पुरतं ठाऊक होतं. पुढे खिडकी बरीच वर्षं डब्लिनमध्ये लोकांना बघायला मिळाली. १९८८ मध्ये ती अमेरिकन संग्राहक मिचेल वुल्फसन यांच्याकडे गेली.

[दृश्य: डब्लिन, सरकारी कचेरीतला जिना.]

ही दुसरी खिडकी इव्ही होन या चित्रकर्तीची. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी सरकारनेच मागवलेली, आयर्लंडच्या चार प्रांतांवरची. आज ती सरकारच्या मुख्य इमारतीत मानाने उभी आहे. कोणाच्या भावना दुखावणार नाहीत अशी, आणि तरीही मोठी कलाकृती. तिचा मान रास्तच आहे.

मायामीचं संग्रहालय क्लार्कची खिडकी नीट जपतं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तिच्यातले काही लेखक आज आयर्लंडची मुलं शाळेत वाचतात. सिंगच्या नाटकावर १९०७ मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात दंगल झाली होती, तेच नाटक आता तिथे अभिमानाने होतं. मग खिडकी निदान उसनी मागून, दोन-तीन वर्षांसाठी, डब्लिनला का आणू नये? आणि नंतर तशीच पुढे जिनिव्हालाही न्यावी.