दहावा डबा

मंडळी, टोकियोची यामानोते लाइन म्हणजे शहराच्या मध्याभोवती फिरणारं 34.5 किलोमीटरचं रेल्वेचं वर्तुळ. स्थानकं 30, आणि पूर्ण फेरीला साधारण तासभर. शिंजुकू, शिबुया, उएनो ही गजबजलेली स्थानकं याच वर्तुळावर येतात. आज इथे धावते ती जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीची ई-235 मालिकेची गाडी. अकरा डब्यांचे 50 रेक, म्हणजे अकरा डबे जोडून तयार केलेल्या 50 गाड्या. या गाडीतल्या एका डब्याबद्दल मला मुख्यतः बोलायचं आहे, पण आधी गाडीची थोडी ओळख करून देतो.

स्टेनलेस स्टीलचे डबे, प्रत्येक बाजूला चार दारं, 1500 व्होल्टचा डीसी वीजपुरवठा. मोटर 140 किलोवॅटची आणि पूर्ण बंदिस्त, त्यामुळे आत धूळ जात नाही, आवाजही कमी. मोटरला हवी तशी वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे अर्धवाहक वापरलेत, म्हणून उष्णतेत वाया जाणारी वीज घटते. काही रेकच्या खाली रूळ तपासणारी यंत्रणा बसवली आहे. प्रवासी नेता नेताच गाडी रूळ किती हलला आहे ते मोजते आणि रूळ पकडून ठेवणाऱ्या क्लिपांची छायाचित्रं घेते. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. खास तपासणीगाडी अधूनमधून येते, ही गाडी मात्र रोज त्याच रुळांवरून फिरत असते.

सुरुवात मात्र खडतर झाली. 30 नोव्हेंबर 2015 ला पहिला रेक सेवेत आला आणि त्याच दिवशी मागे घ्यावा लागला. ठरलेल्या जागी गाडी थांबेना, दारांच्या यंत्रणेतही गडबड झाली. दुरुस्ती करून तो परत आला तो थेट पुढच्या मार्चमध्ये. थांबण्याची जागा थोडी चुकली तर एवढं काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. इथे मात्र तेच सगळ्यांत महत्त्वाचं, आणि त्याचं कारण फलाटावर आहे.

1990 च्या सुमारास यामानोतेवरची गर्दी भयंकर होती. चढण्या-उतरण्यात वेळ जायचा, एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडायच्या. त्यावर जपानी अभियंत्यांनी काढलेला उपाय म्हणजे प्रत्येक बाजूला सहा दारांचा डबा. आसनं घडी घालून भिंतीला लावलेली. सकाळच्या गर्दीत ती उघडायचीच नाहीत, सगळ्यांनी उभ्यानं जायचं. 2002 पासून आलेल्या ई-231 गाडीत, म्हणजे ई-235 च्या आधीच्या गाडीत, असे दोन डबे होते, सातवा आणि दहावा.

पुढे फलाटावर सरकती दारं बसवायची ठरली. लोक रुळांवर पडू नयेत म्हणून. 2010 मध्ये एबिसू स्थानकापासून सुरुवात झाली. आता फलाटाचं दार आणि डब्याचं दार समोरासमोर यायला हवं, म्हणजे सहा दारांचे डबे जाणं भागच होतं. ई-235 वरचा हिरवा रंगसुद्धा याच दारांमुळे बदलला. पूर्वी डब्यावर आडवा हिरवा पट्टा असायचा. फलाटावरच्या कठड्याआड तो झाकला जातो, म्हणून हिरव्या ठिपक्यांची उभी नक्षी थेट गाडीच्या दारांवर आली.

आणि आता आपला दहावा डबा. सहा दारांचे दोन डबे काढून त्यांच्या जागी 2011 पर्यंत चार दारांचे नवे डबे जोडले. सातव्याचा प्रश्न सोपा होता. दहाव्याचा नव्हता. ताबाता ते तामाची या पट्ट्यात यामानोतेला लागूनच केइहिन-तोहोकू मार्ग जातो, आणि दुरुस्तीची कामं असली की त्याच्या गाड्या यामानोतेच्या रुळांवर आणाव्या लागतात. त्या गाड्या दहा डब्यांच्या. त्यांचा टोकाचा डबा उभा राहतो तो नेमका यामानोतेच्या दहाव्या डब्याच्या जागी. टोकाच्या डब्यात चालकाची केबिन असते, त्यामुळे तिथलं पहिलं दार आत सरकलेलं असतं. फलाटावरचं दार एकच, गाड्या दोन. मग यामानोतेच्या दहाव्या डब्याचंही दार तेवढंच सरकवलं. केबिन नाही, तरी दार केबिनवाल्या डब्यासारखं!

ई-235 आली तेव्हा हे डबे काही वर्षांचेच होते. ते मोडीत काढायला जेआर ईस्टचा हात धजला नाही, आणि ते योग्यच झालं. ई-231 चा जुना रेक सोडवायचा, त्यातला दहावा डबा ठेवून घ्यायचा, आतून बाहेरून नवा साज चढवून नव्या गाडीत जोडायचा. उरले दहा डबे. टोकियोतल्याच चुओ-सोबू या दुसऱ्या लोकल मार्गाला गाड्या लागतात त्या बरोबर दहा डब्यांच्याच. हिरवे पट्टे काढून त्या मार्गाचे पिवळे लावले आणि ते डबे तिकडे धावू लागले. पन्नासपैकी 48 रेकमध्ये असा जुना डबा आहे, फक्त दोन रेकसाठी दहावा डबाही नवा बांधला. जपानी रेल्वेप्रेमी तो लांबूनच ओळखतात, कारण त्याचा सांगाडा आणि खिडक्यांची मांडणी शेजारच्या डब्यांशी जुळत नाही. तुमच्यापैकी कुणी टोकियोला गेलात तर नवव्या डब्यातून दहाव्यात चालत जा आणि टोकाच्या दारापाशी थांबून बघा.