पानांचा अर्क आणि जिवाणूंची वाढ : चाचणी नीट कशी करावी

श्रोतेहो, नमस्कार. औषधी वनस्पतीच्या पानांचा अर्क जिवाणूंची वाढ रोखतो का, हे तपासण्याबद्दल आज बोलू.

पानं सावलीत वाळवा. कडक उन्हात त्यांतली सुगंधी तेलं उडून जातात. १० ग्रॅम भुकटी १०० मिलिलिटर ७० टक्के इथेनॉलमध्ये २४ तास हलवत ठेवायची, गाळायची आणि इथेनॉल ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण उडवायचं. 'पूर्ण' या शब्दावर माझा भर आहे, कारण उरलेलं इथेनॉल स्वतःच जिवाणू मारतं आणि श्रेय मात्र पानाला मिळतं. उरलेला चिकट अर्क वजन करून १० टक्के डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम या प्रमाणात. चाचणीत अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर जिवाणू पसरतात आणि भोकं पाडून त्यांत अर्क भरतात; वाढ रोखली गेली तर भोकाभोवती जिवाणू नसलेलं वर्तुळ दिसतं. नुसतं डीएमएसओ भरलेलं एक भोक प्रत्येक प्लेटमध्ये हवंच. तिथेही वर्तुळ दिसलं तर ती प्लेट बाद.

जिवाणू ताजे, आदल्या रात्री वाढवलेले घ्या. सलाइनमधला त्यांचा गढूळपणा ०.५ मॅकफारलंड या गढूळपणाच्या प्रमाणित नमुन्याशी जुळवला की मिलिलिटरला सुमारे १५ कोटी जिवाणू होतात. हे द्रावण १५ मिनिटांच्या आत वापरायचं. म्युलर-हिंटन प्रकारच्या अगारचा थर ४ मिलिमीटर जाड हवा; थर पातळ झाला तर वर्तुळ उगाच मोठं येतं. या द्रावणात बुडवलेला स्वॅब, म्हणजे काडीवरचा कापसाचा बोळा, अगारवर तीन वेळा फिरवा, दर वेळी प्लेट ६० अंशांनी वळवून. मग ६ मिलिमीटरची भोकं पाडा. अगारची चकती उचलताना कडा सुटली, तर अर्क खालून पाझरतो आणि वर्तुळ वेडंवाकडं येतं. भोकांत अर्क भरून प्लेट अर्धा तास तशीच ठेवून मग ३५ अंशांवर १६ ते १८ तास उबवा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. वर्तुळ मोठं म्हणजे अर्क जोरकस, असं मुळीच नाही. मोठे किंवा पाण्यात न मिसळणारे रेणू अगारमध्ये जेमतेम सरकतात, त्यामुळे चांगला अर्कही छोटं वर्तुळ देतो. दोन वनस्पतींची तुलना करायची तर वाढ रोखणारी किमान मात्राच काढावी लागते: ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क दर खळग्याला निम्मा करत न्यायचा. पानांच्या हिरव्या रंगामुळे तिथे गढूळपणा कळत नाही, म्हणून शेवटी रिझाझुरिन हा निळा रंग घाला. जिवाणू वाढले असतील तर निळ्याचं गुलाबी होतं. अर्क स्वतःच रंग बदलत नाही ना, हे पाहायला जिवाणू न घातलेला अर्काचा खळगाही ठेवा. रिझाझुरिन घालण्याआधी मात्र प्रत्येक खळग्यातला थेंब नव्या अगारवर लावून ठेवायचा. निळ्या राहिलेल्या खळग्याच्या थेंबातून वसाहती उगवल्या, तर अर्काने जिवाणू मारलेले नसतात, थोपवलेले असतात.