तुकडीतला काटा आला कुठून?

भिगवणचा मासळी बाजार. उजनीच्या पाण्यातली मासळी इथं येते. या टोपलीत रोहू, त्या टोपलीत चिलापी. दोन्ही एकाच धरणातले, पण घरात लहान मूल असलं की गिऱ्हाईक चिलापीकडे वळतं. कारण काटे.

रोहूची ही शिजलेली तुकडी बघा. फासळ्यांचा त्रास नाही, त्या कण्याला धरून असतात आणि बोटानं निघतात. घशात अडकतात ते मांसात सुटे रुतलेले, केसासारखे बारीक काटे. काहींना टोकाशी फाटे फुटलेले. पाठीच्या मांसात ते असतात आणि शेपटीकडे तर वर-खाली दोन्ही बाजूंना. पोटाकडे मात्र नुसत्या फासळ्या. जाणती माणसं पोटाची तुकडी मागून घेतात ती उगाच नाही.

शिजलेल्या माशाच्या पाकळ्या सुटतात ना? त्या पाकळ्या म्हणजे स्नायूंचे थर. दोन थरांमध्ये पातळ पडदा असतो आणि त्या पडद्यात चिवट तंतू. हे तंतूच पुढे हाड होतात. आधी कूर्चा आणि मग हाड, असा प्रवास इथं नाही; तंतू थेट कडक होतो. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलात एकही काटा नसतो. पिलू वाढतं तसे ते शेपटीकडून डोक्याकडे उगवत जातात. पोहताना स्नायूंचा जोर शेपटीपर्यंत पोचवायला त्यांची मदत होत असावी, असं अभ्यासक मानतात.

मग चिलापीत ते का नाहीत? गोडं पाणी म्हणजे काटे, ही समजूत इथंच मोडते. काटा पाण्यावर ठरत नाही, कुळावर ठरतो. माशांच्या जुन्या शाखांनी हे काटे जपले. नंतरच्या एका मोठ्या शाखेत ते कमी होत गेले आणि फासळ्यांच्या आसपास थोडे उरले. मूळची आफ्रिकेतली चिलापी, आपला मरळ आणि समुद्रातलं पापलेट या नव्या शाखेतले. आणि रोहूचे जवळचे नातलग कोण? खाऱ्या पाण्यातली तारली आणि मांदेली! मांदेली आपण काट्यांसकट कुरकुरीत तळून खातो, म्हणून ते नातं जाणवत नाही, इतकंच.

झेब्रा मासा रोहूच्याच गणातला, आपल्याकडच्या ओढ्यांत राहणारा. चीनमधल्या संशोधकांनी त्याचं रन्क्स-टू-बी नावाचं एक जनुक निकामी केलं. कणा राहिला, फासळ्या राहिल्या, स्नायूंतले काटे मात्र उगवलेच नाहीत.

आणि ब्राझीलमध्ये, तळ्यांत वाढवल्या जाणाऱ्या तांबाकी नावाच्या माशात, असे बिनकाट्यांचे मासे आपसूकच सापडले. २०१७ साली त्यांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांच्या जनुकांना कुणीही हात लावलेला नव्हता.