आज आमच्या असिस्टंट लोको पायलटचा वाढदिवस

नमस्कार श्रोतेहो.

कशावर बोलाल, असं मला विचारलं, तेव्हा मी सांगितलं, मला दोनच विषय येतात. एक रूळ आणि दुसरा म्हणजे आमची धाकटी. आज तिचा वाढदिवस आहे, म्हणून तिच्यावर बोलतो. रूळ त्यात येतीलच.

मी रेल्वेत ट्रॅकमन होतो, पुढे कीमन झालो. लोकांच्या भाषेत चावीवाला. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात झेंड्या, आणि आपल्या हद्दीतल्या रुळाची एकेक चावी, म्हणजे रूळ घट्ट धरून ठेवणारा लोखंडी तुकडा, बघत चालत जायचं. सैल झालेली ठोकायची, पडलेली बसवायची. माझी सगळी नोकरी कसारा घाटात गेली. ही लाइन १८६५ साली सुरू झालेली आहे. घाटाचा चढ एकास सदतीस, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्यावर एवढा चढ तुम्हाला जाणवणारही नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, तिथे हा चढ फार झाला. म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ती ढकलत ढकलत गाडी इगतपुरीला आणून सोडतात.

मुलगी जन्मली ती ऐन आषाढात. मी पावसाळी गस्तीवर होतो. घाटात पावसाळ्यात रात्रभर माणसं फिरतात हे गाडीत झोपलेल्या प्रवाशांना ठाऊक नसतं, आणि नसलेलंच बरं. हातात बत्ती, कमरेला फटाक्यांची डबी. दिवाळीचे नव्हेत, रुळावर बांधायचे. दरड आली, रुळाखालची खडी वाहून गेली, तर गाडीच्या दिशेने पळत सुटायचं. सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. चाक वरून गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी उभी करतो. त्या रात्री तसं काही घडलं नाही. नुसता पाऊस होता. सकाळी चौकीवर आलो तर मुकादम म्हणाले, "पेढे आण." एवढीच बातमी. मोबाइल कुठे होते तेव्हा?

पोरगी वाढली रेल्वे कॉलनीत. हिला गाड्यांचं वेड वगैरे मुळीच नव्हतं, हे आधी सांगतो, कारण पेपरात अशी वर्णनं फार येतात. हिला वेड होतं वस्तू उघडून बघण्याचं. घरातली इस्त्री तिने उघडली, मिक्सर उघडला. मिक्सर पुन्हा चालू झाला नाही, तेव्हा आईच्या हातचा धपाटाही खाल्ला. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला. वर्गात मुली मोजक्याच.

८ मार्च २०११ ला सुरेखा यादव यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली, ती बातमी मी कापून तिला दिली होती. साताऱ्याकडच्या शेतकऱ्याची ही मुलगी १९८९ मध्ये असिस्टंट ड्रायव्हर झाली, आशियातली पहिली महिला रेल्वे ड्रायव्हर. पुढे मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत घेऊन त्या मुंबईला आल्या, तोपर्यंत आमची मुलगीही इंजिनावर चढली होती. मी कात्रण दिलं ते सहज. ते तिने इतकं मनावर घेतलं असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

२०१८ च्या रेल्वे भरतीत तिने असिस्टंट लोको पायलटचा, म्हणजे सहायक ड्रायव्हरचा, फॉर्म भरला. लेखी परीक्षा झाल्या, मग अॅप्टिट्यूड टेस्ट. तिच्यात प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागतं आणि कुणालाही सवलत नाही. ते सगळं निभावलं. मला धास्ती होती मेडिकलची. ड्रायव्हर लोकांची मेडिकल ए-वन असते. लांबची नजर चष्म्याशिवाय सहा बाय सहा हवी, रंग अचूक ओळखता यायला हवेत. अंधारात मोबाइल बघू नको म्हणून मी तिच्यामागे इतका भुणभुण करायचो की ती म्हणायची, "पप्पा, डोळे माझे आहेत की तुमचे?" शेवटी डोळे पास झाले आणि माझी भुणभुण थांबली. तिच्या आईचं म्हणणं, ती अजूनही थांबलेली नाही.

ट्रेनिंग झालं आणि ती मालगाडीवर लागली. असिस्टंटचं काम काय, तर लोको पायलटच्या बरोबरीने बसून प्रत्येक सिग्नल मोठ्याने सांगायचा. हात वर करून दाखवायचा. पायलट तो पुन्हा बोलून दाखवतो. दोघांनी बघितला, दोघांनी म्हटला, तर चुकायची शक्यता कमी. रात्री तीन वाजता, दहा मिनिटांपूर्वी डुलकी येत होती तरी, तोच आवाज, तोच हात.

एकदा मला कळलं की तिची गाडी घाट चढून इगतपुरीत येते आहे. मी फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. रिटायर माणसाला वेळच वेळ. इंजिन आलं, खिडकीत ती. मला वाटलं, आता बघेल, हसेल, निदान मान हलवेल. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. नजर समोर, हात वर, तोंडाने सिग्नल. गाडी पुढे जाऊन उभी राहिली. मी एवढी वर्षं रुळाच्या कडेला उभं राहून शेकडो ड्रायव्हर जाताना पाहिलेत. त्यामुळे कोण कसं काम करतं ते मला खिडकीवरून कळतं. श्रोतेहो, त्या दिवशी जी छाती फुगली ती निकालाच्या दिवशीही फुगली नव्हती.

नातेवाईक कौतुक करतात, सत्कार झाला, शाल-नारळ झाला. "पोरीने नाव काढलं" असं सगळे म्हणतात. पण इंजिनात ती पाणी का पीत नाही, हे कुणी विचारत नाही. जुन्या इंजिनांत स्वच्छतागृह नाही. नव्या इंजिनांत आता बसवायला सुरुवात झाली आहे, पण हातात कुठलं इंजिन येईल ते आपल्या हातात नसतं. तेव्हा ड्यूटीच्या आधीपासूनच पाणी बंद. हे पुरुषांनाही जड जातं, बायकांना किती जात असेल! तिला आम्ही विचारलं तर म्हणते, "सवय झाली." मला ही सवय आवडत नाही. शाल घेताना मी हे व्यासपीठावर बोललो, तेव्हा दोघातिघांना ते रुचलं नाही. न रुचू दे. मुलीचा अभिमान वाटतो म्हणून तिचे हाल सांगायचे नाहीत, हे कुणी ठरवलं?

आणखी एक सांगतो, म्हटलं तर बारीक गोष्ट. काम चालू असलं की गँगची माणसं गाडी आली म्हणून रुळावरून बाजूला होतात. आमची मुलगी अशी माणसं लांबून दिसली की हॉर्न वेळेत वाजला का यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवते. पायलट साहेब गमतीने म्हणतात, "हिचे सगळे काका रुळावरच आहेत." खरंच आहेत. तिला खांद्यावर घेऊन फिरवलेले दोघे अजून त्याच हद्दीत आहेत.

आज वाढदिवशी ती घरी नाही. भुसावळच्या रनिंग रूममध्ये विश्रांती घेते आहे. तिथून पुन्हा गाडी घेऊन निघेल. सकाळी फोन केला तर आवाज झोपाळू. मी म्हटलं, रेडिओवर तुझ्याबद्दल बोलणार आहे, काय सांगू? मला वाटलं लाजेल. तर म्हणाली, "माझं राहू द्या, फाटकाचं सांगा. फाटक बंद असताना लोक मोटरसायकल वाकवून खालून काढतात. भरधाव गाडीला ब्रेक लावला तरी ती जागच्या जागी थांबत नाही, कितीतरी अंतर पुढे जाते. आणि वर बसलेल्या आम्हाला नुसतं बघत राहावं लागतं."

तेव्हा सांगितलं. ऐकणाऱ्यांत कुणी रोज असं वाकून जाणारे असतील तर त्यांनी आजपासून पाच मिनिटं थांबावं, एवढी भेट तिला पुरेल. केक तिच्या आईने परवाच्या सुट्टीसाठी सांगून ठेवला आहे, त्यावर इंजिन काढून मागितलंय. बेकरीवाला म्हणाला, इंजिन जमणार नाही, फूल काढतो. काढ म्हटलं.

नमस्कार.