नाडीखालचा वळ

(दृश्य: दोरीवर वाळणारे परकर, वाऱ्याने हलणाऱ्या नाड्या)

पहाटे करकचून आवळलेली परकराची नाडी रात्री सुटते, तेव्हा कमरेवर वळ उठलेला असतो. वर्षं जातात, वळ काळा पडतो, खरखरीत होतो, मधूनच सोलवटतो. कुणाला त्याचं काही वाटत नाही. आईच्या कमरेवरही होताच की.

वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये अशा दोघींची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. दोघी सत्तरीच्या आसपासच्या. एकीच्या कुशीवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी परकराशिवाय लुगडंच घट्ट नेसायची, 40 वर्षं. तिचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. तुकडा काढून तपासला, तर दोघींनाही त्वचेचा कॅन्सर. बातम्यांत त्याला 'साडी कॅन्सर' म्हणतात. खरं तर दोष साडीचा नाही, करकचून आवळण्याचा.

(दृश्य: उन्हात निंदणी करणारे हात)

सावळ्या कातडीतलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, ऊन बरंच अडवतं. म्हणून गोऱ्यांच्या मानाने आपल्याकडे हा आजार कमी. पण 'आपल्याला होतच नाही' म्हणत माणसं उशिरा येतात. आणि तो बऱ्याचदा येतो उन्हाशी संबंध नसलेल्या जागी: भाजल्याच्या जुन्या व्रणावर, वर्षानुवर्षं चिघळणाऱ्या जखमेत. काश्मीरमध्ये फेरन या सैल अंगरख्याखाली ऊब यावी म्हणून कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरणाऱ्यांच्या पोटावर, मांडीवर.

मेलॅनोमा, त्वचेच्या कॅन्सरचा जास्त घातक प्रकार, सावळ्या माणसांत बऱ्याचदा तळपाय आणि नखाखालची जागा गाठतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याचं दुखणं आधी फुटबॉलची इजा वाटलं होतं. 1977 मध्ये मेलॅनोमाचं निदान झालं. 1981 मध्ये तो गेला, अवघ्या 36व्या वर्षी.

(दृश्य: अंगणात पाय धुणारी आजी)

पाय रोज धुतो, तळवा कोण बघतं? वाकवत नसेल तर नातवंडाला बघायला सांगा. नखातली उभी काळी रेघ आपल्यात पुष्कळदा निरुपद्रवी असते. पण एकाच नखात नव्याने उमटलेली, रुंदावत कातडीवर उतरलेली रेघ डॉक्टरांना दाखवाच. तळव्यावरचा वाढता काळा डाग भोवरी-कुरूप समजून ब्लेडने कापू नका. महिनाभर न भरलेल्या जखमेला मलमं बदलत बसू नका, बायोप्सीचं, म्हणजे तुकडा काढून तपासण्याचं, विचारा.

(दृश्य: शिंप्याचं मशीन)

आणि परकराला बारीक नाडीऐवजी चार बोटं रुंद पट्टी लावून घ्या. घरी आल्यावर सैल सोडा. कमरेवर काळा पट्टा दिसू लागला, तर बांधायची जागा थोडी वर-खाली करा.