जयकरांचा वाळूसाप : ओळख आणि कूळ

ओमानच्या वाळूत राहणाऱ्या एका सापाच्या शास्त्रीय नावात मराठी आडनाव आहे : एरिक्स जयकरी. आत्माराम सदाशिव जयकर (१८४४–१९११) हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर, मस्कतला ब्रिटिश एजन्सीचे सर्जन. दवाखाना सांभाळून ते मासे, सरडे, साप गोळा करत आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे धाडत. तिथल्या जॉर्ज बुलेंजर यांनी १८८८ साली मस्कतच्या नमुन्यांवरून ही जात जाहीर केली. ओमानच्या डोंगरातली ताहर (रानबकरीसारखा प्राणी), एक सरडा आणि एक समुद्रघोडा यांच्याही नावात जयकर आहेत. आपल्याकडे मात्र हे नाव फारसं कुणाला आठवत नाही.

आपलं मांडूळ याच एरिक्स प्रजातीतलं (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातलं, genus), त्यामुळे या सापाची ठेवण समजायला जड जाऊ नये. जाड दंडगोल शरीर, मानेपाशी अरुंद न होणारं डोकं, आखूड शेपटी, पाचरीसारखं नाकाड. पण डोक्याकडे नीट पाहिलं की फरक कळतो. मांडुळाचे डोळे बाजूला असतात, जयकरीचे चक्क टाळूवर, एकमेकांच्या जवळ, आकाशाकडे रोखलेले. साप रात्री वाळूत बुडून बसतो, बाहेर राहतात ते एवढे डोळेच. पाल टप्प्यात आली की झडप. अरबस्तानातल्या इतर कुठल्याही सापाचे डोळे इतके माथ्यावर नाहीत, म्हणून साप समोर असेल तर ओळख पटायला अर्धा मिनिट पुरतो.

घोळ होतो तो साप पुरता दिसत नसताना. वाळूतून डोळे डोकावताहेत एवढ्यावर जयकरी म्हणणं धोक्याचं आहे, कारण त्याच वाळूत सेरास्टेस गॅस्परेट्टी हा विषारी साप नेमका असाच दबा धरतो. त्याला शिंगं असतात असं पुस्तकात वाचलेलं असतं, पण बिनशिंगाचेही भरपूर सापडतात. तेव्हा शिंगं शोधत बसू नये. मान पाहावी : सेरास्टेसची मान बारीक, डोकं रुंद. अंगावरच्या खवल्यांना ठळक कणा (मधोमध उभी कड) असतो, कुशीवरचे खवले तिरके आणि करवतीसारखे. शेपटी निमुळती होत बारीक संपते. वाळूसापाच्या अंगाला हात लावला तर ते गुळगुळीत लागतं. पण हात लावून खात्री करायची ही जागा नाही. लांबून, वरून आणि बाजूनं असे दोन फोटो घ्यावेत.

दुसरा गोंधळ लायटोर्‍हिंकस डायडेमा या सापाशी. त्याचंही नाकाड पाचरीसारखं आणि वास्तव्यही वाळूतच. इथे माथा पाहिला की काम होतं. लायटोर्‍हिंकसच्या माथ्यावर मोठाल्या, ठरावीक मांडणीच्या ढाली असतात, वाळूसापाच्या माथ्यावर बारीक खवल्यांचा चुरा. शिवाय लायटोर्‍हिंकसच्या पाठीवर खवल्यांच्या साधारण १९ रांगा, वाळूसापांत त्याच्या दुपटीहून जास्त.

रांगा मोजायची रीत सांगतो, कारण जुन्या नोंदींतल्या चुका बहुतेक इथल्या असतात. शरीराच्या मध्यावर, पोटखवल्याला चिकटून असलेल्या खवल्यापासून सुरुवात करून तिरकं वर जायचं आणि पलीकडच्या पोटखवल्यापर्यंत उतरायचं. पोटखवला स्वतः धरायचा नाही. मांडुळात हा आकडा ५३ ते ६७ येतो आणि खवले गुळगुळीत किंवा किंचित कणेदार असतात. दुरक्या घोणशीत (हाही आपल्याकडचा एक वाळूसाप) रांगा ४० ते ५५ आणि कणा हाताला खरखरीत लागेल असा, शेपटीकडे तर फारच. दोन्ही पल्ले ५३ ते ५५ मध्ये एकमेकांत शिरतात, म्हणून नुसत्या रांगांवर निकाल देऊ नये. हनुवटीखाली मधोमध खाच आहे का तेही पाहावं : मांडुळाला असते, दुरक्या घोणशीला नसते.

पोटखवल्यांची मोजणी याहून अवघड. १९५१ साली सर्पअभ्यासक डाऊलिंग यांनी घालून दिलेला नियम असा, की ज्या खवल्याला दोन्ही बाजूंनी पाठीची सर्वांत खालची रांग टेकते तो पहिला, आणि गुदाजवळचा खवला मोजायचा नाही. इतर सापांत हे सोपं जातं. वाळूत घुसणाऱ्या सापाचे पोटखवले मुळातच अरुंद, गळ्यापाशी तर पाठीच्या खवल्यांत मिसळून जातात. दोन माणसांच्या मोजणीत दोन-चारचा फरक पडतो. सुरुवात कुठून केली ते नोंदीत लिहिलं नसेल, तर तो आकडा दुसऱ्याच्या कामाचा नाही.

कात मिळाली तर सोनं, सापाला त्रास न देता सगळे खवले मोजता येतात. कोमट पाण्यात भिजवून काळ्या कागदावर पसरावी. दोन गोष्टींचं भान हवं. कात ताणलेली असते, तिच्यावरून लांबी काढू नये. आणि ती निघताना उलटी होते : खवल्यांचे कणे खाचांसारखे दिसतात, डावं-उजवं बदलतं. ओठांवरचे खवले मोजताना हे हमखास विसरलं जातं.

मेलेला साप मिळाला तर क्रम चुकवू नका. आधी फोटो, कारण लाल-पिवळे रंग द्रवात लवकर उडतात. मग ऊतीचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. त्यानंतर शरीर १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, आणि ते मुरल्यावर धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मेलिन आधी वापरलं की डीएनए मोडतो आणि कुळाच्या प्रश्नाला तो नमुना जवळजवळ निरुपयोगी होतो.

आता कुळाकडे येऊ. ओळख पटवायला जे लक्षण सर्वांत सोयीचं, ते नातं ठरवायला बहुधा सर्वांत वाईट असतं. टाळूवरचे डोळे, पाचर, आखूड शेपटी हा वाळूचा संस्कार आहे. दूरच्या दोन कुळांवर तो सारखाच होऊ शकतो. तसंच घडलं. उत्तर अमेरिकेतले चारिना आणि लिचान्युरा हे साप बाह्यरूपावरून आणि शेपटीच्या मणक्यांवरच्या जादा उंचवट्यांवरून वर्षानुवर्षं वाळूसापांच्या घरात बसवले होते. डीएनएनं त्यांना बाहेर काढलं. दुरक्या घोणशीच्या बाबतीत उलटं झालं. तिला गाँगिलोफिस अशी वेगळी प्रजाती दिली होती, पण २०१४ च्या वंशवृक्षात ती एरिक्सच्याच फांद्यांमध्ये निघाली, आणि पुन्हा एरिक्स कोनिकस झाली. त्याच वर्षी बोआंची (वाळूसाप ज्या मोठ्या गटात मोडतात त्याची) फेरमांडणी करताना एरिक्सला एरिसिडी हे स्वतंत्र कुळ देण्यात आलं. काही अभ्यासक अजून उपकुळच मानतात. ते दर्जाचं भांडण आहे, नात्याचं नाही.

जयकरीचं खरं कोडं अंड्यांचं आहे. एरिक्सच्या बहुतेक जाती, आपलं मांडूळही, जिवंत पिल्लं देतात. जयकरी आणि आफ्रिकेतली एरिक्स म्युलेरी अंडी घालतात. साधा तर्क म्हणेल, हे दोघे मूळचे आणि बाकीचे नंतर बदलले. पण वंशवृक्षावर ते बुंध्यापाशी बसत नाहीत. पिल्लं देणाऱ्यांच्या मधल्या फांदीवर बसतात. म्हणजे अंडी घालणं एकदा सुटलं आणि पुन्हा आलं, असा निष्कर्ष लिंच आणि वॅग्नर या संशोधकांनी २०१० मध्ये मांडला. त्यांच्या बाजूचा एक पुरावा पिल्लाच्या तोंडात आहे. अंड्यातून निघणाऱ्या सापांच्या पिल्लांना कवच फाडायला वरच्या जबड्यात एक छोटा दात असतो. जयकरीच्या पिल्लाला तो नाही.