हाक आणि झील

नमस्कार श्रोतेहो.

आज मला तुम्हाला काही दर्यावर्दी गायकांबद्दल सांगायचंय. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, दोन टेकड्यांच्या बेचक्यात पोर्ट आयझॅक हे मासेमारांचं लहानसं गाव वसलंय. गल्ल्या इतक्या अरुंद की एका बोळाचं नावच मुळी 'पोट आवळून जायचा बोळ' अशा अर्थाचं आहे. हा उतार संपतो बंदरावर. तिथल्या मोकळ्या जागेला गावकरी 'प्लॅट' म्हणतात.

1990 च्या दशकात या प्लॅटवर उन्हाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी गावातले दहाएक पुरुष गोल करून गायला लागले. त्यांच्यात मासेमार होते, घरं बांधणारा होता, मातीची भांडी घडवणारा होता, दुकानदार होता. बहुतेक जण एकमेकांना लहानपणापासून ओळखणारे. मंच नाही, ध्वनिक्षेपक नाही. नुसते गळे, आणि समोर मावळतीचा समुद्र. ऐकायला लोक जमायचे, पैसे टाकायचे आणि ते पैसे समाजकार्याला जायचे. या मंडळींनी स्वतःसाठी 'फिशरमन्स फ्रेंड्स', म्हणजे मासेमाराचे मित्र, असं नाव घेतलं. इंग्लंडमध्ये याच नावाची घशाची गोळी मिळते. खोल समुद्रात मासेमारी करणाऱ्यांसाठी एका औषधविक्रेत्याने ती 1865 साली बनवली होती. गाणाऱ्या मासेमारांना याहून शोभणारं नाव कुठून मिळणार?

ते गातात ती शिडाच्या जहाजांवरची कामाची गाणी. इंग्रजीत त्यांना 'शँटी' म्हणतात. या गाण्यांची बांधणी मला फार आवडते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. वजनदार शीड वर चढवायचं म्हणजे एकट्यादुकट्याचं काम नाही. दहा जणांनी दोर धरला आणि प्रत्येकाने आपापल्या वेळेला ओढला, तर शीड जागचं हलत नाही. दहाही जणांचा जोर एकाच क्षणी लागला पाहिजे. तो क्षण गाणं ठरवतं. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे झील धरतात, आणि झिलीतल्या ठरावीक शब्दावर सगळे मिळून हिसका देतात. दोर ओढायच्या गाण्याची चाल तुटक, हिसक्याला जागा ठेवणारी. नांगर उचलण्यासाठी गोल फिरत चक्र ढकलायचं, तेव्हाची चाल पावलांबरोबर सलग चालणारी. म्हणणारा ओळी तिथल्या तिथे जोडायचा. काम संपलं नसेल तर गाणंही लांबवायचा. गळा गोड आहे की नाही हे कुणी बघत नसे, वेळ चुकली नाही म्हणजे झालं.

पुढे वाफेची जहाजं आली आणि दोर ओढणारे हातच लागेनासे झाले. कामाबरोबर ही गाणीही कायमची गेली असती. पण काही संग्राहकांनी म्हाताऱ्या खलाशांकडून ती उतरवून घेतली, आणि काही खलाशांनी ती मरेपर्यंत गायली. त्यांतला एक स्टॅन ह्यूगिल. 1929 साली बुडालेल्या 'गार्थपूल' या शिडाच्या जहाजावर तो खलाशी होता. कामासाठी शँटी म्हणणारा शेवटचा माणूस अशी त्याची ख्याती. तो 1992 साली गेला.

आता पैशांकडे येऊ. या गायकांनी ज्या कामांना हात दिला त्यांतलं एक म्हणजे लाइफबोट. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर बुडणाऱ्यांना वाचवायला ज्या होड्या निघतात, त्या चालवणारी संस्था 1824 साली स्थापन झाली. ती सरकारी नाही. मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते आणि होडीवर जाणारे बहुतेक जण बिनपगारी स्वयंसेवक असतात. आजवर 1,40,000 हून अधिक जीव त्यांनी वाचवले आहेत.

या देणग्यांमागे एक काळरात्र आहे. डिसेंबर 1886 मध्ये 'मेक्सिको' नावाचं जर्मन जहाज इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्याजवळ वादळात सापडलं. तीन ठिकाणांहून लाइफबोटी निघाल्या. जहाजावरचे बाराही जण वाचले, पण त्यांना वाचवायला गेलेल्यांपैकी 27 जण बुडाले. मागे 16 विधवा आणि 50 पोरकी मुलं राहिली. त्या किनाऱ्यावर राहणारे चार्ल्स मॅकारा हे कापडगिरण्यांचे उद्योजक हे विसरू शकले नाहीत. त्यांच्या पुढाकाराने 1891 साली मँचेस्टरच्या रस्त्यांवरून मिरवणूक निघाली. बँड वाजत होते आणि समुद्रावरच्या होड्या शहरातून ओढत नेल्या जात होत्या. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतूनही लोकांना पैसे टाकता यावेत म्हणून लांब काठ्यांना पिशव्या बांधल्या होत्या. त्या दिवशी 5,000 पौंडांहून जास्त जमले. रस्त्यावर फिरून समाजकार्यासाठी निधी गोळा करण्याची ही पहिली नोंद मानली जाते. पहिल्याच खेपेला पैशांच्या बरोबरीने संगीत होतं, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

पोर्ट आयझॅकमध्ये 1869 साली लाइफबोट आली. 1933 साली ते केंद्र बंद झालं आणि 1967 साली पुन्हा सुरू झालं. प्लॅटवर गाणाऱ्यांपैकी काही जण या लाइफबोटीवरही जाणारे होते. म्हणून या मदतीला मी दान म्हणायला कचरतो. दान म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली, असं चित्र उभं राहतं. इथे गाणारा मासेमार आज दुसऱ्याला आणायला जातो, आणि उद्या वादळात त्याचीच होडी अडकलेली असू शकते. आणखी एक सांगतो. लाइफबोटवाले बचावाच्या प्रत्येक फेरीला 'शाउट' म्हणतात. शाउट म्हणजे हाक. गाण्यात हाक आली की झील द्यायची, समुद्रावरून हाक आली की होडी काढायची. या माणसांना दोन्ही अंगवळणी पडलेलं.

पंधराएक वर्षं अशी गेल्यावर 2010 साली एका बड्या संगीत कंपनीने या गायकांशी करार केला. त्यांचा अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचला. पारंपरिक लोकसंगीताच्या गटाला हे पहिल्यांदाच जमलं होतं. पुढच्या वर्षी ते ग्लॅस्टनबरीच्या प्रचंड संगीत महोत्सवात गायले. या यशाबद्दल बरंच बोललं गेलंय, त्यामुळे मी तिथे रेंगाळत नाही. दहा जणांत एकदम पैसा आला तरी गट फुटला नाही, याचं मला जास्त अप्रूप वाटतं. पैसा दिसायच्या आधी कित्येक उन्हाळे ते पैशांविना एकत्र उभे राहिले होते.

फेब्रुवारी 2013 मध्ये इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड शहरातल्या एका नाट्यगृहात कार्यक्रमाची तयारी चालू असताना एक अवजड धातूचं दार कोसळलं. त्याखाली सापडून त्यांचे कार्यक्रम लावणारे पॉल मॅकमलेन गेले. त्याच अपघातात जखमी झालेले गायक ट्रेव्हर ग्रिल्सही दोन दिवसांनी गेले. ते घरं बांधायचे, आणि संथ, हळव्या गाण्यांसाठी त्यांचा आवाज ओळखला जाई. गोलात उभं राहून गाणाऱ्यांत एक जागा रिकामी होणं म्हणजे काय, हे ज्यांनी कधी कुणासोबत गायलंय त्यांना सांगावं लागणार नाही.

दौरा थांबला. पण ते गायचे थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांचा पुढचा अल्बम आला. त्याला नाव दिलं होतं कॉर्नवॉलच्या जुन्या ब्रीदवाक्याचं, 'एक आणि सारे'.

नमस्कार.